आमची वाटचाल : उसाच्या पंपापासून इम्पालापर्यंत

आण्णांनी कोल्हापुरात उद्यमनगरला शेड टाकलं तेव्हा कामं म्हणजे उसाला पाणी उपसणारी ऑइल इंजिनं, जीप, अँबॅसिडर. सिलिंडरला बोअर मारायचं, वॉल्व्ह लॅप करायचे (घासून घट्ट बसवायचे), संपलं. मी डिप्लोमा करून आलो तो डोक्यात हवा घेऊनच आलो, आणि त्यात एका हौशी मालकांची जुनी शेवरोले इम्पाला आली, २८३ घनइंचाचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन. पोरं हातातली कामं टाकून बघत उभी.

मालकांना ताकद वाढवून पाहिजे होती, मग अमेरिकेतनं कॅम (वॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) मागवला आणि सोबत वॉल्व्ह बंद करणाऱ्या डबल, म्हणजे एकात एक, स्प्रिंगा. मूळच्या स्प्रिंगांचा दाब वॉल्व्ह बंद असताना साधारण ८० पाउंड आणि पूर्ण उघडल्यावर २०० च्या आसपास. नवीन किती ते मी मोजलंच नाही, उलट कडक तेवढं बरं म्हणून खाली शिम (पातळ चकत्या) घातले. आण्णा म्हणाले, "अरे जरा दाबून तरी बघ." मी म्हटलं, "आण्णा, हे पंपाचं इंजिन नव्हे."

चालू करायला गेलो तर कार्बोरेटर कोरडा, टायमिंग चुकलेलं, नुसता सेल्फ मारत बसलो. एकदाचं लागलं, पेढे आणले आणि निवांत आयडलवर सोडलं. अर्ध्या तासात टिकटिक. ऑइल काढलं तर वर्ख कालवल्यागत चमकतंय. कॅमवरचे तीन लोब (उंचवटे) झिजून सपाट, त्यांच्यावर टेकणाऱ्या टॅपेटचे (वॉल्व्हला ढकलणारे दट्टे) तळ बशीसारखे खोलगट.

हे टॅपेट दिसायला सपाट पण तळ किंचित फुगीर असतो आणि लोबला बारीकसा उतार, त्यामुळं टॅपेट स्वतःभोवती फिरतो. दोघं एकमेकांत बसायच्या आधीच स्प्रिंगचा दाब जास्त झाला की फिरणं थांबतं आणि एकाच जागी घासत राहतं. लोबला तेल मिळतं ते क्रँक उडवते ते, आयडलवर ते पुरेसं उडतच नाही, सगळा घोटाळा तिथं. दुसरा कॅम आमच्या खर्चानं घातला, त्या वर्षी दिवाळीला काय झालं ते विचारू नका.

मग पहिल्यांदा स्प्रिंग टेस्टर घेतला. आता डबल स्प्रिंग असली तर आतली काढून ठेवतो, म्हणजे सुरुवातीला दाब कमी, आणि कॅम-टॅपेट एकमेकांत बसल्यावर हेड न उघडता बसवतो, स्पार्क प्लगच्या भोकातनं सुती दोरी आत सोडायची, पिस्टन वर आणायचा, दोरी वॉल्व्हला धरून ठेवते. लोबला मॉली पेस्ट (घर्षण कमी करणारं काळं वंगण), ऑइल झिंकवालं (नवीन गाड्यांच्या ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरस कमी केलंय, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून), आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा भाग) काढून ड्रिलनं ऑइल पंप फिरवून आधी प्रेशर आणतो. जुनेच टॅपेट परत घालायचे तर १६ च्या १६ अंड्याच्या ट्रेमध्ये नंबरानं, ज्याचा त्याच्याच लोबवर. नवीन कॅमला मात्र टॅपेट नवीनच.

नवीन कॅमचं इंजिन लागल्या लागल्या, आयडलवर न सोडता, सरळ २००० ते २५०० आरपीएम (मिनिटाला फेरे), २०-३० मिनिटं, थोडं वर-खाली करत, मग ऑइल-फिल्टर बदली. शेजारचे लेथवाले वैतागतात. रेडिएटरपुढं मोठा पंखा, आणि हातात घड्याळ घेऊन आण्णा, आरपीएम जरा पडला की आवाजावरनं ओळखून माझ्याच अंगावर ओरडतात.