तोलेदोत एक दिवस: आई-बाबा, एक गाईड आणि करटक-दमनक

माद्रिदला आलो की एक दिवस तोलेदोला द्यायचा, हे आधीच ठरलं होतं. तो कसा द्यायचा, यावर मात्र आमच्या घरात बरीच चर्चा झाली. आईचं वय बहात्तर, दोन्ही गुडघे दुखरे. तोलेदो वसलंय उंच खडकाळ टेकडीवर, ताहो नदीनं तीन बाजूंनी वेढलेलं, आणि गल्ल्या सगळ्या चढ-उताराच्या, गोट्यांच्या फरसबंदीच्या. मोठ्या बसच्या सहलीत झेंडा धरलेल्या माणसामागे धावणं तिला जमलं नसतं. म्हणून फक्त आम्हा तिघांसाठी गाईड घ्यायचा ठरला. ज्यांच्यासोबत वडीलधारी माणसं आहेत त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक सावधगिरीची गोष्ट. त्याआधी दोनच दिवस, माद्रिदजवळच्या दुसऱ्या एका गावची सहल आम्ही ‘खासगी गाईडसह’ म्हणून घेतली होती. प्रत्यक्षात गाडी आली आणि ड्रायव्हर आला. माणूस सज्जन होता, पण प्रत्येक इमारतीच्या दारात आम्हाला सोडून तो गाडीपाशी थांबायचा. आत काय पाहायचं ते आमचं आम्हालाच शोधावं लागलं. त्यामुळे पैसे भरण्याआधी एकच प्रश्न स्पष्ट विचारा: गाईड आमच्यासोबत आत येणार का? स्पेनमध्ये गाईडचा परवाना त्या त्या स्वायत्त प्रांताचा असतो. तोलेदो कास्तिया-ला मांचा प्रांतात येतं, माद्रिदच्या प्रांतात नाही. तेव्हा तिथला परवाना असलेला स्थानिक गाईड मागा.

तोलेदोसाठी आम्ही गाडी घेतलीच नाही. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून वेगवान गाडीनं साधारण ७० किलोमीटरचं हे अंतर अर्ध्या तासात कापता येतं. तिकीट आधी काढा, शनिवार-रविवारी जागा भरतात. आतोचाला सामान तपासणीच्या यंत्रातून जावं लागतं, म्हणून पाऊण तास आधी पोचलेलं बरं. गाईडला आम्ही थेट तोलेदोच्या स्टेशनवर बोलावलं. गाईडची फी सहसा माणशी नसते, अख्ख्या गटाची असते. दोघांना महाग वाटेल, चार-पाच जणांत वाटून घेतली तर हिशेब जमतो.

गाईडला आठवडाभर आधी मी एक मेल लिहिली होती. त्यात लिहिलं होतं की आईला सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त चालता येत नाही, आम्ही शाकाहारी आहोत, बाबांना तलवारींची आवड आहे, आणि आई तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवायची. शेवटचं वाक्य मी सहज लिहिलं होतं, पण दिवसाचा रंग त्यानंच बदलला. तुम्हीही अशी मेल लिहाच. खासगी गाईडचा खरा फायदा जास्त ठिकाणं पाहण्यात नाही, कुठे थांबायचं ते आपल्या हातात असण्यात आहे.

सकाळी टॅक्सीनं गाईडनं आम्हाला आधी नदीपलीकडच्या मिरादोर देल वाये या सज्जावर नेलं. इथून अख्खं गाव एका नजरेत येतं: डावीकडे कॅथीड्रलचा मनोरा, उजवीकडे चौकोनी अल्काथार किल्ला, खाली नदीचा वळसा. नकाशाचं काम तिनं तिथेच उरकलं. सहाव्या शतकात इथे व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीच्या राजांची राजधानी झाली, ७११ नंतर गाव मुस्लिम सत्तेखाली गेलं, १०८५ मध्ये ख्रिश्चन राजा सहाव्या अल्फोन्सोनं ते घेतलं, आणि १५६१ साली दुसऱ्या फेलिपेनं दरबार माद्रिदला हलवला. दरबार गेला, म्हणून पाडून नवं बांधायची घाई इथे झाली नाही. आज आपण जे पाहतो ते त्यामुळेच उरलं. १९८६ पासून गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे.

टॅक्सी मग आम्हाला वर थोकोदोवेर चौकात सोडून गेली. गुडघेदुखीवाल्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा: चौकापासून सुरुवात करून कॅथीड्रल, सांतो तोमे, ज्यू वस्ती आणि शेवटी सान मार्तिन पूल असं गेलं, तर वाट बहुतेक उताराची पडते. उलट दिशेनं गेलात तर दिवसभर चढ. थोकोदोवेर हे नाव अरबी, मूळ अर्थ गुराढोरांचा बाजार. आई-बाबा तिथे कॉफी घेत बसले आणि मी गाईडबरोबर खालच्या क्रिस्तो दे ला लूथ मशिदीत जाऊन आले. ९९९ सालची ही इमारत म्हणजे एक छोटी चौरस खोली. वर नऊ घुमट्या आहेत आणि प्रत्येकीतली कमानींची वीण वेगळी. पंधरा मिनिटं पुरतात, पण येताना चढ आहे.

कॅथीड्रलला दोन तास दिले. १२२६ साली काम सुरू झालं, १४९३ मध्ये संपलं. त्याआधी या जागी गावातली मुख्य मशीद होती. सगळं पाहायचा अट्टहास आम्ही केला नाही. गाईडनं आईला गायकवृंदाच्या जागेसमोर बसवलं आणि आसनांच्या खालच्या ओळीतली अक्रोडाच्या लाकडातली कोरीव दृश्यं दाखवली: ग्रानादाच्या मुस्लिम राज्याशी झालेल्या युद्धातली एकेक गढी, एकेक शरणागती, युद्ध चालू असतानाच कोरायला घेतलेली. मग मुख्य वेदीच्या मागची ट्रान्सपारेंते ही शिल्पांची मोठी रचना. नार्सिसो तोमेनं १७३२ मध्ये हे काम पूर्ण केलं. वेदीच्या मागे उजेड हवा होता, म्हणून त्यानं समोरच्या छतालाच मोठं भोक पाडलं आणि त्या भोकाच्या कडांवर देवदूत बसवले. वरून ऊन उतरताना पाहायचं असेल तर ढग नसलेला दिवस हवा. आम्हाला तो मिळाला. बाबा मान वर करून इतका वेळ उभे राहिले की शेवटी मीच त्यांचा हात धरला. छतातून लोंबणाऱ्या जुन्या लाल टोप्याही पाहा. त्या कार्डिनलांच्या, ज्याच्या त्याच्या थडग्यावर टांगलेल्या, आणि गळून पडेपर्यंत तिथेच राहतात. एक सूचना: रविवारी सकाळी पूजाविधी असतात, पर्यटकांना दुपारनंतरच प्रवेश मिळतो. सोमवारही टाळा, त्या दिवशी काही संग्रहालयं बंद असतात.

कॅथीड्रलच्या मागच्या अंगाला सांता इसाबेल नावाचा छोटा चौक आहे. सहलीच्या यादीत तो नसतो. गाईडनं आम्हाला तिथे एका बाकावर बसवलं. समोरच्या जुन्या वाड्यात आज विद्यापीठाचं अनुवादकांचं विद्यालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. नाव मात्र त्यानं बाराव्या-तेराव्या शतकातल्या परंपरेचं घेतलंय. त्या काळी इथे अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरवायला युरोपभरातून माणसं येत. क्रेमोनाचा जेरार्ड प्राचीन ज्योतिर्विद टॉलेमीचा एक ग्रंथ शोधत इटलीहून आला आणि राहिलाच. ११८७ मध्ये मरेपर्यंत त्यानं सत्तरच्या वर ग्रंथांचे अनुवाद केले. पुष्कळदा काम जोडीनं चाले. एकानं अरबी वाचून बोलीभाषेत तोंडी सांगायचं, दुसऱ्यानं ते ऐकून लॅटिनमध्ये लिहायचं. नवव्या शतकातल्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञानं अरबीत मांडलेलं हिंदू अंकगणित बाराव्या शतकातल्या अशाच लॅटिन अनुवादांतून युरोपला कळलं. गाईड आईकडे वळून म्हणाली, “तुमच्याकडचं उज्जैनही इथे आलं होतं.” भारतीय ज्योतिषाचं मध्यरेखेचं गाव उज्जैन. अरबी लिपीत एक नुक्ता हरवला आणि त्याचं ‘अरीन’ झालं. पुढे लॅटिन पंडित कितीतरी वर्षं अरीन हे पृथ्वीच्या मध्यावरचं गाव समजून गणितं मांडत होते.

मग तिनं अल्फोन्सोची गोष्ट काढली. दहावा अल्फोन्सो १२२१ मध्ये याच गावात जन्मला. राजा व्हायच्या आधी, राजपुत्र असताना, त्यानं एक अरबी पुस्तक कास्तियन भाषेत, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, आणवलं, साधारण १२५१ मध्ये. त्यात दोन कोल्हे आहेत, कलीला आणि दिम्ना, सिंहाच्या दरबारातले. सिंहाची बैलाशी मैत्री होते, आणि...

“आणि दमनक ती मोडतो,” आई म्हणाली. मराठीतच.

मी भाषांतर केलं. गाईडला पंचतंत्र ठाऊक होतं, पण मूळ नावं तिनं कधी कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. सहाव्या शतकात संस्कृतातून पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, आठव्या शतकात पहलवीतून अरबीत, आणि तिथून इथे. या वाटेत करटकाचा कलीला झाला, दमनकाचा दिम्ना. आईनं तिला पहिल्या तंत्राची गोष्ट पिंगळकापासून संजीवकापर्यंत पूर्ण सांगितली, मी मधे दुभाषी. तिचं मराठी, माझं इंग्रजी, गाईडची वही. अर्धा तास गेला. त्यापायी अल्काथार राहिलं, आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. गाईडनं वही पुढे केली, आईनं त्यात देवनागरीत दोन्ही नावं लिहून दिली.

जेवणाबद्दल थोडं. इथले नावाजलेले पदार्थ म्हणजे तितराचा रस्सा आणि डुकराच्या मांसाचं कार्कामुसास. शाकाहाऱ्यांनी पिस्तो मागावं: टोमॅटो, भोपळी मिरची आणि कोवळ्या भोपळ्याची मऊ शिजवलेली भाजी. वर अंडं घालतात, नको असेल तर ‘सिन उएवो’ म्हणा. मांचेगो चीज आणि आल्माग्रोच्या छोट्या वांग्यांचं लोणचं आईला फार आवडलं. गास्पाचो म्हणजे टोमॅटोचं थंड सार असं आपण समजतो, पण यादीत ‘गास्पाचो मांचेगो’ दिसलं तर ते मांसाचं कालवण असतं. ‘भाजीचं’ म्हटलेल्या पदार्थातही हॅमचे तुकडे निघतात, तेव्हा ‘सिन कार्ने, सिन हामोन’ दोन्ही सांगा.

दुपारी सांतो तोमेच्या चर्चमध्ये एल ग्रेकोचं ‘ओर्गाथच्या सरदाराचं दफन’ पाहिलं. एकाच चित्रासाठी तिकीट आहे, आणि ते योग्य आहे. सकाळी बसमधले जथे असतात, जेवणाच्या वेळेनंतर गर्दी ओसरते. खाली काळ्या कपड्यांतल्या सरदारांची रांग, वर उघडलेला स्वर्ग. कोपऱ्यातला मुलगा चित्रकाराचा स्वतःचा आहे आणि त्याच्या खिशातल्या रुमालावर १५७८ हे जन्मसाल आहे. क्रीट बेटावरून आलेला हा माणूस १५७७ मध्ये तोलेदोला पोचला आणि १६१४ मध्ये इथेच वारला. सही मात्र तो शेवटपर्यंत ग्रीक लिपीत करत राहिला.

ज्यू वस्तीत दोन सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, उरलीत. सांता मारिया ला ब्लांका आत पांढरंशुभ्र, घोड्याच्या नालासारख्या कमानींच्या रांगा. एल ट्रान्सितो चौदाव्या शतकातलं, राजाच्या खजिनदारानं, सामुएल हा-लेवीनं बांधवलेलं. त्याच्या भिंतींवर हिब्रू मजकुराशेजारी अरबीही आहे. गावभर ‘तीन संस्कृतींचं शहर’ अशा पाट्या आहेत. आमच्या गाईडनं बाहेरच्या सावलीत उभं राहून उरलेलं सांगितलं: खजिनदाराला त्याच्याच राजानं कैदेत छळून मारलं, १३९१ मध्ये वस्तीवर हल्ले झाले, १४९२ मध्ये सगळ्या ज्यूंना धर्मांतर किंवा देशत्याग यांतलं एक निवडायला लावलं. तिनं ते टाळलं नाही, याबद्दल मला तिचा आदर वाटला.

तिकिटांचं म्हणाल तर सात ठिकाणांसाठी मनगटावर बांधायची एकत्रित पट्टी मिळते. त्यात सांतो तोमे, सांता मारिया ला ब्लांका, क्रिस्तो दे ला लूथ, सान हुआन दे लोस रेयेस हा मठ येतात. कॅथीड्रल आणि एल ट्रान्सितो येत नाहीत, त्यांची वेगळी.

बाबांची तलवार राहिली होती. आपल्याकडे मराठ्यांची ‘फिरंग’ म्हणजे युरोपातून, मुख्यतः पोर्तुगिजांमार्फत आलेलं लांब सरळ पातं. महाराजांची तलवार तोलेदोची होती असंही आपण ऐकत आलोय. त्याला पक्का पुरावा नाही, हे बाबांनीच गाईडला सांगितलं. दुकानांतल्या बहुतेक तलवारी शोभेच्या आहेत. पाहण्यासारखं आहे ते दामास्किनादो: काळ्या पोलादावर सोन्याची तार ठोकून काढलेली नक्षी. यंत्राची स्वस्त असते, हाताची महाग. ‘एचो आ मानो’ का, ते विचारा आणि कारागीर बसलेला असेल अशाच दुकानात जा. आम्ही कानातलं घेतलं. पातं घेणार असाल तर ते हातातल्या सामानात विमानात नेता येत नाही. घरच्यांसाठी माथापान, म्हणजे बदाम-साखरेची भाजलेली मिठाई. वरून अंड्याचा बलक लावलेला असू शकतो, न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावी.

सान मार्तिन पुलावरून टॅक्सी केली. परतीची गाडी साताच्या पुढची घ्या, आणि वीस मिनिटं आधी पोचा: १९१९ सालचं ते स्टेशन, रंगीत टाइल्स आणि लाकडी जाळीकाम, बसून पाहण्यासारखं आहे.

पुण्याला परतल्यावर गाईडचा मेसेज आला. वहीतल्या नावांना अर्थ असतो का, असं तिनं आईला विचारलं होतं. आईनं मला मजकूर सांगितला, मी टाईप केला: करट म्हणजे कावळा, आणि दमनक म्हणजे काबूत आणणारा.