छोटी गाडी, चार माणसं आणि चिखलदऱ्याचा घाट

नागपुरात कोणी गाडी घ्यायला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ॲव्हरेज किती देते?" पेट्रोल शंभरीच्या वर गेल्यापासून तर हाच एक प्रश्न उरलाय. पण आपलं शहर जवळजवळ सपाट आहे. मानेवाड्याहून सदरला रोज जाणाऱ्याला चढ लागतो तो फक्त उड्डाणपुलाचा, त्यामुळे इथे कुठलीही गाडी चालवून बघा, चांगलीच वाटते. भाऊजींना त्यांची जुनी एक लिटरची हॅचबॅक काढून नवी घ्यायची होती आणि ऑगस्टअखेर चिखलदऱ्याला जायचं घरात ठरलंच होतं. म्हणून दोन्ही गाड्या काढल्या, त्यांची एक लिटरची, म्हणजे हजार सीसीची, आणि आमची बाराशे सीसीची. दोन्ही पेट्रोल, दोन्ही मॅन्युअल. प्रत्येकीत चार मोठी माणसं आणि डिकी भरून सामान.

वाडी नाका लवकर ओलांडला तर अमरावती रोड सुखाचा. बाजारगाव, कोंढाळी, कारंजा (घाडगे), तळेगाव, तिवसा, मग नांदगाव पेठ आणि अमरावती. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. चौपदरी रस्त्यावर दोन्ही गाड्यांत काही फरक जाणवला नाही. फक्त ट्रकला ओलांडताना भाऊजींना चौथ्या गिअरवर यावं लागायचं आणि आमचं पाचव्यातच भागायचं. ऐंशी-नव्वदच्या वेगात दोघांनाही लिटरला वीसच्या आसपास मिळालं. शंभरच्या पुढे मात्र छोट्या गाडीचं ॲव्हरेज झपाट्याने पडतं, कारण वेग वाढला की हवेचा अडथळा त्याहून जास्त पटीने वाढतो. समृद्धीवर 120 ची मुभा आहे म्हणून तिथे जाऊन ॲव्हरेज मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तर्री पोहे कुठे खाल्ले ते सांगत नाही, त्यावरून भांडणं होतात.

अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर. टाकी इथेच भरा, टायरमधली हवा इथेच बघा. गाडी भरलेली असेल तर मागच्या टायरला किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं आणि तो आकडा एरवीपेक्षा जास्त असतो. बहुतेक जण तो बघतच नाहीत.

परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा तीसेक किलोमीटर. चिखलदरा 1118 मीटरवर, म्हणजे एवढ्या अंतरात सातशे मीटरच्या वर चढ. खरी गंमत इथून सुरू होते.

एक लिटरच्या गाड्यांचं गणित बघा. अल्टो के10 आणि वॅगन आरच्या छोट्या इंजिनाची ताकद 67 पीएस (अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, 89 न्यूटन मीटर, तोही इंजिन मिनिटाला 3500 फेऱ्यांवर (आरपीएम) असताना. गाडीचं वजन साडेसातशे-आठशे किलो, त्यात माणसं आणि सामान मिळून तीनशे-सव्वातीनशे किलो. हेअरपिन वळणावर वेग पंधरा-वीसवर येतो, दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम पार खाली जातो आणि नेमका तिथे इंजिनात दम नसतो. मग पहिला टाकायचा, इंजिन ओरडवायचं, परत दुसरा. भाऊजींची गाडी वर गेली, छान गेली, पण प्रत्येक वळणाला पहिला गिअर मागत गेली. आमची दुसऱ्यातच कण्हत का होईना वळण काढत होती. बाराशेच्या वर्गात टॉर्क 112-115 च्या घरात असतो: नवी स्विफ्ट, टियागो, ग्रँड आय10 निऑस, वॅगन आरचंच मोठं इंजिन. आकड्यांत पंचवीसचा फरक किरकोळ दिसतो, घाटात तो एका गिअरएवढा असतो.

त्यात उंचीही आपला वाटा खाते. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) नसलेल्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्का घटते, कारण हवा विरळ होते. नागपूरच्या मानाने चिखलदऱ्याला सात-आठ टक्के कमी. मोठ्या इंजिनाला ते कळतही नाही, छोट्याला कळतं. "घाटात एसी बंद करा" हा सल्ला सगळेच देतात, उन्हाळ्यात तो ठीक आहे. पावसाळ्यात आत चार माणसं श्वास घेतायत, बाहेर धुकं, काच दोन मिनिटांत आंधळी होते. ती साफ ठेवायला एसी लागतोच. म्हणजे एसी चालू ठेवून गाडी चढली पाहिजे, हाच खरा निकष.

सीएनजीबद्दल भाऊजींचा आग्रह होता. रोज पन्नास-साठ किलोमीटर पळणार असाल, घराजवळ पंप असेल, तर जरूर घ्या. पण एक लिटरचं तेच इंजिन सीएनजीवर 57 पीएसवर येतं आणि डिकी सिलिंडर खातो. टाटांच्या दोन छोट्या सिलिंडरच्या रचनेत डिकी बरीच वाचते, ताकद मात्र तिथेही घटतेच. सीएनजीवाल्यांनी घाटाच्या पायथ्याला बटण दाबून पेट्रोलवर यावं. भाऊजींचं रोजचं धावणं ऑफिस ते घर, त्यांना सीएनजीसाठी मोजलेले जास्तीचे पैसे वसूल व्हायलाच वर्षं लागतील. नको.

ऑटोमॅटिक म्हणून मिळणारं एएमटी, म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स पण क्लच-गिअर आपोआप, सीताबर्डीच्या गर्दीत वरदान आहे. घाटात ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल केला की ते वरचा गिअर टाकतं आणि ऐन वळणात गाडी मरगळते. त्यासाठी मॅन्युअल मोड असतो, तो वापरा. हिल होल्ड (चढावर निघताना गाडी मागे घसरू न देणारी सोय) आहे का तेही विचारा. नसेल तर चढावर थांबून निघताना हँडब्रेकची सवय हवी.

ग्राउंड क्लिअरन्ससाठी, म्हणजे गाडीचा तळ आणि रस्ता यांतल्या अंतरासाठी, उंच गाडीच हवी, असं मला आता वाटत नाही. पंच 187 मिलिमीटर, क्विड 184, टियागो 170, स्विफ्ट 163. आमच्या दोन्ही गाड्या शेवटच्या दोघींसारख्या, चारही जण बसलेले, आणि डांबरी रस्त्यावर कुठेच खाली घासल्या नाहीत. जास्त घासतं ते नागपुरातल्या वस्त्यांमधल्या स्वयंघोषित गतिरोधकांवर. तुमच्या गल्लीत तसले दोन-चार असतील तर त्याचाच विचार करा, मेळघाटाचा नको.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला वर्धा रोडवर एक फेरी मारून आणतो. त्यातून काही कळत नाही. घरातले तिघं सोबत न्या, एसी पूर्ण लावा आणि सेमिनरी हिल्सचा चढ धरा. मधेच थांबून पुन्हा निघा. ओळखीच्या कोणाकडे तेच मॉडेल असेल तर रामटेकला गडावर नेऊन बघा, छोटा घाटच आहे तो. मागच्या सीटवर घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत मागच्यांपर्यंत थंडावा पोचतो का, हा प्रश्न वर्षातले तीन महिने घाटापेक्षा मोठा असतो.

भाऊजींचा निर्णय परतीच्या आधीच झाला: बाराशे सीसी, साधं पेट्रोल, मॅन्युअल. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी 18 टक्के झालाय, आधी सेससकट 29 होता. तेवढ्या फरकात वरचं इंजिन बसतं. सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनचे पैसे वाचवा, एअरबॅग आणि क्रॅश टेस्टचे तारे बघा.

आता उतारावरचं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे अजून भेटतात. हल्लीच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंदच होतं, न्यूट्रलला उलट आयडलिंगपुरतं जळत राहतं. आणि इंजिन बंद करून उतरणं म्हणजे स्टिअरिंग जड, ब्रेक दगड. ब्रेक सतत दाबून ठेवले तर तापून पकड सोडतात, म्हणून दाबा-सोडा, दाबा-सोडा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी जात असाल तर सकाळी लवकर घाटाच्या पायथ्याशी पोचा. नंतर वळणावळणावर गाड्यांची रांग लागते आणि क्लचचा वास सुटतो. भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड एका दिवसात उरकायची घाई नको. गवळ्यांकडची रबडी मात्र सोडू नका. अंधार पडायच्या आत खाली उतरा, कारण धुक्यात हेडलाइटचा डिपरच लावावा लागतो आणि रस्त्याची कड दिसत नाही. त्यात हा व्याघ्र प्रकल्पाचा भाग, जनावर कधीही आडवं येतं.