व्होल्टाचा मनोरा आडवा करायची वेळ आली

व्होल्टाचा मनोरा म्हणजे दोन धातूंच्या चकत्यांच्या जोड्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजलेले कापड घालून, एकावर एक रचून केलेली जुनी बॅटरी. मागच्या नोंदीत माझा 30 जोड्यांचा मनोरा उभा राहिल्याचे कळवले होते. सुटी जोडी पाऊण व्होल्ट देते हे मोजलेले असल्यामुळे त्याच्याकडून 22 व्होल्टची अपेक्षा होती. मल्टिमीटरने 9 दाखवले.

पहिला संशय चकत्यांवर गेला. सुरुवातीला एका विक्रेत्याने जस्त म्हणून जस्त चढवलेला लोखंडी पत्रा गळ्यात मारला होता, तेव्हापासून मी प्रत्येक चकती चुंबक लावूनच घेतो. चकत्या अस्सल निघाल्या, मात्र 17वी जोडी उलटी बसली होती, आणि उलटी जोडी नुसती वाया जात नाही, दुसऱ्या एका जोडीचेही खाते. ती सरळ केल्यावर मीटर जेमतेम 10 वर चढला. पाणी अजून कुठेतरी मुरत होते, आणि तेही अक्षरशः.

मनोरा रात्रभर तसाच राहिला, तेव्हा सकाळी त्याच्या अंगावर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले दिसले. वरच्या भाराने खालची कापडे पिळली जात होती आणि ओघळणारे खारे पाणी शेजारच्या जोड्यांना बाहेरून जोडत होते. कापडाऐवजी चकतीहून किंचित लहान कापलेला, नीट निथळलेला जाड टीपकागद घातला, कडा कोरड्या पुसल्या, आणि 19.6 व्होल्ट मिळाले! तो आकडा मी तीनदा मोजला. अर्ध्या तासाने मात्र 14 उरले होते.

इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने हा मनोरा मार्च 1800 मध्ये कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्राने कळवला, आणि इंग्लंडमधल्या वूलिचच्या विल्यम क्रुकशँक या रसायनतज्ज्ञाने लवकरच तो आडवा पाडला: सोल्डरने जोडलेले पत्रे लाकडी नांदेच्या खाचांत पक्के बसवून मधल्या कप्प्यांत द्राव ओतायचा, म्हणजे पिळण्याचा प्रश्नच उरत नाही. ऑक्टोबर 1807 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने किंचित दमट पोटॅशमधून (पोटॅशियमचा दाहक अल्कली क्षार) वीज सोडून पोटॅशियम धातू काढला, तेव्हा त्याच्या हाताशी 12 इंची 24, 6 इंची 100 आणि 4 इंची 150 पत्र्यांच्या बॅटऱ्या होत्या. पोटॅशियमच्या वाटेला मी जाणार नाही. त्याआधी पोटॅशच्या द्रावणातून त्याला फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळाले होते, तेवढे अपयश मला पुरे.

त्यामुळे 60 जोड्यांचा बेत रद्द, आधी 10 कप्प्यांची नांद. लाकूड आणि लाख आणायचे ठरवले होते, पण लिहिता लिहिता सुचले की अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत सिलिकॉन सीलंटने पत्रे बसवले तर गळती बाहेरूनच दिसेल. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण ओघळांशी पुन्हा तीन रविवार झुंजण्याची माझी तयारी नाही.