विचेंझा: दगड कुठे, चुनेगच्ची कुठे

व्हेनिसला जाणार असाल तर एक अख्खा दिवस विचेंझासाठी काढाच. प्रादेशिक गाडी साधारण पाऊण ते सव्वा तासात पोचवते, तिला आरक्षण लागत नाही. स्टेशनातून जुनं शहर अगदी जवळ आहे आणि पुढचं सगळं पायी होतं.

हे वास्तुशिल्पी आंद्रेआ पलाडिओचं शहर. त्याचा जन्म पादुआचा, १५०८ चा, पण तो नावारूपाला आला इथे, पाथरवटकाम करत. घडीव दगड महाग, वीट स्वस्त. त्यामुळे त्याने बांधलेल्या बऱ्याच वाड्यांत आत वीट, वर चुन्याचा गिलावा आणि अस्सल दगड मोजक्या जागी. हे बघायचं तर भिंतीपाशी जाऊन उभं राहायला हवं.

पियाझ्झा देई सिन्योरी या मुख्य चौकात आधी बासिलिका पाहा (नाव असं असलं तरी हे चर्च नाही). ही मात्र सार्वजनिक इमारत, म्हणून बाहेरच्या सज्जांना सगळा पांढरा दगड. काम १५४९ ला सुरू झालं. आतली जुनी इमारत वेडीवाकडी, तिचे गाळे कमीजास्त रुंदीचे. पलाडिओने मधली कमान सगळीकडे सारखी ठेवली आणि सगळा फरक तिच्या दोन बाजूंच्या चिंचोळ्या मोकळ्या जागांत जिरवला. कोपऱ्यातल्या गाळ्याशी थांबून बघा, तिथे त्या किती आक्रसल्यात! मला सगळ्यात जास्त आवडली ती ही युक्ती.

समोरच लॉजिया देल कापितानियातो (लॉजिया म्हणजे कमानींचा खुला सज्जा). तिचे दोन मजली उंचीचे खांब चक्क उघड्या विटांचे, आणि मधल्या भिंतींवर चुनेगच्चीची भरगच्च नक्षी. बाजूच्या गल्लीकडची भिंत चुकवू नका. १५७१ मध्ये काम चालू असतानाच लेपांतोच्या आरमारी लढाईत व्हेनिस आणि मित्रांनी ऑटोमन तुर्कांवर मिळवलेल्या विजयाची बातमी आली आणि तिची आठवण या बाजूवर कोरली गेली.

फोटोंसाठी: लॉजियावर ऊन छान येतं, बासिलिकाची चौकाकडची बाजू बहुतेक सावलीत असते. उन्हातला दगड हवा असेल तर मागच्या पियाझ्झा देल्ले एर्बेत जा.

पालाझ्झो थिएने या वाड्याच्या खालच्या मजल्याचे खडबडीत, अवजड चिरे म्हणजे निव्वळ विटांची करामत. हे बाहेरूनच दिसतं, तिकीट लागत नाही.

तेआत्रो ओलिंपिको हे थिएटर शेवटी ठेवा. १५८० मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी पलाडिओ गेला. पहिला प्रयोग १५८५ चा. रंगमंचामागची ती संगमरवरी वाटणारी भव्य भिंत लाकडाची आणि चुनेगच्चीची आहे. बाहेर दिवसभर पाहिलेलं तंत्र इथे हाताच्या अंतरावर येतं, म्हणून घाई करू नका. सोमवारी थिएटर बंद असतं. संग्रहालयांचं एकत्रित तिकीट मिळतं, समोरचा पालाझ्झो किएरिकातीही त्यात येतो.

पलाडिओचा ला रोतोंदा हा बंगला शहराबाहेर आहे आणि ठरावीक दिवशीच उघडतो. निघण्याआधी वेळा तपासा.