एका वर्गात दोन बाई कशाला?

ऑफ तासाची वही, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर कुणाला पाठवायचं ते लिहिलेली वही, दिसली की अजूनही माझं डोकं फिरतं.

सातवीचा वर्ग, 48 मुलं. एकाला श्रवणयंत्र, एक स्वमग्न, तिघांचं वाचन अडखळत. आमच्या विशेष शिक्षिका आणि मी मिळून तास घ्यायचा, हे जूनमध्येच ठरलं. पद्धत जिगसॉ, एलियट ॲरनसन यांनी 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला सुरू केलेली. विषय पुण्याचाच: पानशेतचा पूर. चौघांचे 12 गट, माहितीचे चार तुकडे. पानशेत धरण फुटलं, खडकवासला धरण फुटलं, पेठांत पाणी शिरलं, पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. एकाच तुकड्याची मुलं आधी एकत्र बसून तयारी करतात, मग आपापल्या गटात येऊन शिकवतात. इथवर सगळं सरळ.

घोडं अडलं वेळापत्रकात. तास रंगात आला की शिपाईमामा दारात. ‘बाई, पाचवी ब ला ऑफ आहे.’ सही कुणाची? विशेष शिक्षिकांची! पर्यवेक्षक सर म्हणाले, ‘एका वर्गात दोन बाई कशाला? एक रिकाम्याच असतात की.’ रिकाम्या! त्या क्षणी त्या श्रवणयंत्रवाल्याच्या गटाला व्हरांड्यात नेत होत्या, कारण सगळे गट एकदम बोलले की त्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. त्या गेल्या. बाकं करकरली, स्वमग्न मुलगा कानांवर हात ठेवून बाकाखाली शिरला. खडकवासल्याचा तुकडा त्याच्याकडेच होता, त्यामुळे त्याच्या गटाच्या वहीत पाणी पानशेतहून थेट शनिवार पेठेत आलं. असं चारदा झालं.

त्यांना आमच्या तासातून ऑफला पाठवू नका, अशा दोन अर्जांवर ‘बघू’ एवढंच उत्तर. त्या माझ्या ‘मदतीसाठी’ असतात, असं आधी लिहिलं होतं; तिसऱ्यात मी तो शब्दच गाळला आणि लिहिलं, ‘12 पैकी सहा गट त्यांच्याकडे आहेत.’ मुख्याध्यापिकांनी त्याच दिवशी सही केली. म्हणून सांगते, वेळापत्रकाच्या चौकटीत दोघींची नावं जूनमध्येच छापून घ्या. तोंडी ठरलेलं दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

हो, कार्डांचं राहिलंच. वाचन अडणाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांत, छोट्या वाक्यांत तोच मजकूर करा, पण कार्डाचा रंग तोच ठेवा, नाहीतर मुलं लगेच ‘सोपं कार्ड’ म्हणतात. आणि बाकांच्या पायांना रबरी बुचं लावा. आम्हाला हे फार उशिरा सुचलं.

पुढच्या खेपेला तो स्वमग्न मुलगा बाकावरच बसला. कार्डावर बोट ठेवून म्हणाला, ‘12 जुलै 1961. आधी पानशेत, मग खडकवासला.’ गटातली एक म्हणाली, ‘हळू सांग ना, लिहितेय मी.’ त्यानं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.