फॉर्मवरचा फोटो

पोलीस भरतीच्या फॉर्मला लागणारा फोटो काढायला सगळ्यात सोपा. मागे पांढरा पडदा, मान सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. दोन मिनिटांचं काम. भरती निघाली की कुरखेड्यातल्या आमच्या स्टुडिओत पोरं येतात. पहाटे सती नदीच्या पुलापर्यंत धावून आलेली, केस ओले करून चापून बसवलेली. बऱ्याच जणांकडे कॉलरचा धड शर्ट नसतो, म्हणून बाबांच्या काळापासून पडद्यामागे खिळ्याला एक निळा शर्ट टांगलेला असतो. विटला की नवा येतो, रंग तोच. त्या शर्टातून किती जण पोलिसात गेले याचा हिशेब आम्ही कधी ठेवला नाही. जे गेले आणि परत आले नाहीत, ते मात्र लक्षात आहेत, कारण त्यांच्या घरचे पुढे आमच्याकडेच येतात. मोठा फोटो करून पाहिजे असतो.

गडचिरोलीबाहेरच्या लोकांना वाटतं, इथे जंगलात लढणारा पोलीस कुठूनतरी लांबून पाठवलेला असतो. तसे असतातही. पण सी-सिक्स्टी, म्हणजे नक्षलवाद्यांशी लढणारी पोलिसांची कमांडो फौज, उभी राहिली 1990 मध्ये ती इथल्याच पोरांना घेऊन. साठ जणांचं पथक, म्हणून ते नाव. गोंडी-माडिया बोलणारे, पायवाटा माहीत असलेले, कुठल्या नाल्याला पाणी कधी असतं ते सांगणारे. त्यांच्या तुकडीला इथे ‘पार्टी’ म्हणतात. समोर बंदूक घेऊन असणारेही पुष्कळदा याच गावांतले. आडनावं दोन्हीकडे तीच सापडतील: मडावी, आत्राम, उसेंडी, नरोटे. जिल्हा 1982 मध्ये झाला. तेव्हापासूनचे पोलीस मोजले तर दोनशेहून जास्त गेलेत.

मोठा फोटो करायचा म्हटलं की पहिला प्रश्न असतो, कोणत्या फोटोवरून. घरात लग्नाचा अल्बम असला तर बरं. नसला तर उरतो तो फॉर्मवरचा पासपोर्ट, आमच्याच इथला. रोलच्या जमान्यात तो बारा बाय अठरा केला की दाणे फुटायचे, डोळे धूसर व्हायचे, आणि बाबा बारीक ब्रशने बुबुळं काळी करायचे. आता संगणकावर ते होतं, पण चेहरा तोच राहतो: वीस वर्षांचा, ताठ, श्वास रोखून धरलेला. पाच वर्षं संसार केलेल्या बाईच्या भिंतीवर नवरा लटकतो तो तिला भेटण्याआधीचा.

मग म्हणतात, वर्दी चढवून द्या.

वर्दीतला फोटो घरी का नसतो, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आतल्या गावांतला जवान सुट्टीवर येतो तो साध्या कपड्यांत, काही जण तर वर्षानुवर्षं गावी येतच नाहीत, आईबाबांनाच तालुक्याला बोलावून घेतात. सुट्टीवर आलेल्या जवानांना गाठून मारल्याच्या घटना या जिल्ह्याने पाहिल्यात. म्हणून भिंतीवर वर्दी नाही, मोबाइलमध्ये वर्दी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर देवाचा नाहीतर मुलीचा फोटो. माणूस जिवंत असेपर्यंत जी वर्दी लपवून ठेवायची, ती तो गेल्यावर सगळ्यात आधी पाहिजे असते. माझ्या संगणकात त्यासाठी एक वेगळं फोल्डर आहे. त्यात बिनचेहऱ्याची धडं आहेत: सिपायाचं, नाईकाचं, हवालदाराचं. एक धड माझ्या मावसभावाचं आहे, तो खात्यात आहे आणि त्याला हे माहीत आहे, हसतो. चेहरा बसवायचा, मानेची सावली जुळवायची, टोपी घालायची की नाही ते घरच्यांना विचारायचं. एकदा एका बापाने विचारलं, दोन फिती लावता येतील का जी, त्याचं नाईकाचं होणारच होतं. लावल्या. कोणत्या नियमात बसतं ते पाहायला मी काही पोलीस अधीक्षक नाही.

2009 साल मला बाबांच्या हाताखालचं म्हणून आठवतं. 1 फेब्रुवारीला मरकेगाव, नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात 15 पोलीस गेले. 21 मेला हत्तीगोटा, 16, त्यात पाच महिला. 8 ऑक्टोबरला लाहेरी, 17. मरकेगाव आणि हत्तीगोटा ही दोन्ही आमच्या शेजारच्या धानोरा तालुक्यातली, लाहेरी तिकडे दूर भामरागडकडे. विधानसभेचं मतदान 13 तारखेला होतं, पाच दिवस राहिले होते. लाहेरीत उपनिरीक्षक चंद्रशेखर देशमुख आणि त्यांच्यासोबतचे जवान पडले. तीन घटनांत मिळून 48 माणसं. आमच्याकडे त्या वर्षाला कुणी 2009 म्हणत नाही, ‘लाहेरीच्या साली’ म्हणतात. लाहेरीच्या साली घर बांधलं, लाहेरीच्या साली पोरगी झाली.

हत्तीगोट्यानंतर बाबांनी एका मुलीचा फोटो मोठा केला होता. महिला पोलीस तेव्हा नव्यानेच जंगलातल्या ड्यूटीवर दिसायला लागल्या होत्या. घरच्यांना वर्दी नको होती, साडी पाहिजे होती. बाबांकडे साडीचं धड नव्हतं. त्यांनी माझ्या आईला पदर नीट घेऊन पडद्यासमोर बसवलं.

आता 1 मे 2019. सकाळी मी झेंडावंदनाचे फोटो काढत होतो, महाराष्ट्र दिनाचे. दादापूरची बातमी तोवर गावभर झाली होती: रात्री रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून जास्त वाहनं जाळली होती. दुपारी शीघ्र प्रतिसाद दलाचे जवान एका खाजगी गाडीतून तिकडे निघाले आणि जांभूळखेड्याजवळच्या नाल्यापाशी भूसुरुंग फुटला. 15 जवान आणि गाडीचा चालक. जवानांत आमच्या जिल्ह्यातले होते, भंडाऱ्याचे होते, बुलढाण्याचे, बीडचे. त्या दिवशी दुकानासमोरून किती गाड्या गेल्या आणि लोक काय काय बोलले, ते मी लिहिणार नाही. टीव्हीवाल्यांनी ते पुष्कळ दाखवलं.

संध्याकाळपासून फ्लेक्सची कामं आली. छपाई वडशाला होते, डिझाइन मी करतो. मोबाइलवर फोटो यायला लागले. ओळखपत्राचे, वाढदिवसाचे, कुणाचा तर गाडीवर बसलेला, गॉगल लावलेला. नावं तीनतीनदा तपासायची, कारण इकडून आलेल्या यादीत एक नाव आणि तिकडून आलेल्या यादीत दुसरं, काना-वेलांटी चुकलेली. आधीच फाटलेल्या घरात माणसाचं नाव तरी चुकीचं जाऊ नये एवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती. एका मंडळाचा पोरगा शेजारी बसून सांगत होता, पंधरा फोटो, वर तिरंगा, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. पंधरा फोटो चार-चारच्या ओळीत बसत नाहीत. शेवटी एक घर रिकामं राहतं. तो म्हणाला, तिथे पोलिसांचं चिन्ह टाका. मी तिथे चालकाचा फोटो टाकला. तेवढ्याच आकारात, तशीच चौकट, खाली नाव. पोरगा म्हणाला, भाऊ, तो पोलीस नव्हता. मी म्हटलं, गाडी कोण चालवत होतं मग? त्यावर तो काही बोलला नाही आणि फ्लेक्स लागला तो सोळा जणांचाच.

पण नंतरही कुठे कुठे लिहिलेलं वाचतो, ‘15 जवान शहीद’. नशीब चांगलं असलं तर पुढे ‘व एक चालक’. त्या ‘व एक’चं काय करायचं ते मला कळत नाही. मागचा हिशेब तर अजून लांब जातो. नक्षलवाद्यांनी मारलेली, पुष्कळदा खबऱ्या म्हणून, गावची माणसं या जिल्ह्यात पाचशेहून जास्त आहेत, म्हणजे पोलिसांच्या दुपटीच्या वर. कुणी पाटील, कुणी मास्तर, कुणी नुसताच पोलिसांच्या गाडीत बसून दवाखान्यात गेलेला. त्यांचे फोटोही मी मोठे केलेत. त्यांना वर्दी चढवायची नसते, काम लवकर संपतं.

21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. 1959 मध्ये याच तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले दहा पोलीस गेले, तेव्हापासूनचा हा दिवस. त्या वेळी ती सीमा पोलीसच राखत होते, ही गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. सकाळी परेड, शोकशस्त्र, बिगूल, हवेत फैरी, आणि मग वर्षभरात देशात ड्यूटीवर गेलेल्यांची नावं वाचतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते लांबलचक वाटलं, खरं सांगतो. कुठल्या कुठल्या राज्यांतली नावं, वाचणाऱ्यालाही धड उच्चारता न येणारी, आणि उन्हात उभी असलेली माणसं. मग लक्षात आलं की तिकडे कुठल्यातरी मैदानावर आपल्या कोवासे-नैतामांची नावंही कुणीतरी अशीच अडखळत वाचत असणार. आता लांबण लागत नाही.

दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक 2018 मध्ये खुलं झालं. तीस फुटांची ग्रॅनाइटची शिळा, 238 टन वजनाची, आणि नावांची भिंत. उद्घाटनाच्या वेळी तिच्यावर 34,844 नावं होती. मी तिथे गेलेलो नाही. फोटो पाहिलेत, काढणाऱ्याने उजेड चांगला साधलाय. आपल्या गडचिरोलीला मुख्यालयातल्या सभागृहाला शहीद पांडू आलाम यांचं नाव आहे. तिथे रोजगार मेळावे होतात, बैठका होतात, पोरं सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडतात आणि फोनवर सांगतात, ‘आलाम सभागृहाजवळ उभा आहो.’ मला हे दगडापेक्षा बरं वाटतं. नाव रोज वापरात राहतं. दिवसातून पन्नासदा ते कुणाच्या तरी तोंडात येतं, न रडता.

मागच्या ऑक्टोबरात, 2025 मध्ये, भूपती शरण आला. नक्षलवाद्यांचा मोठा नेता, मल्लोजुला वेणुगोपाल राव, साठ साथीदारांसह, गडचिरोलीतच, मुख्यमंत्र्यांसमोर. 15 तारीख. त्या दिवशी दुकानात एक मावशी बसल्या होत्या. मुलाच्या फोटोला पावसाळ्यात ओल लागून बुरशी चढली होती, 21 तारखेच्या आत नवा पाहिजे होता. टीव्ही चालू होता. शस्त्रं खाली ठेवणं, रांग, भाषणं, सगळं त्यांनी पाहिलं.

‘हाच का जी तो?’

‘हो मावशी.’

‘म्हातारा झाला मा हा.’

मी वाट पाहत होतो की अजून काही बोलतील. शिव्या देतील, रडतील. त्यांनी विचारलं, ‘फ्रेमचे वेगळे लागन का?’ मी म्हटलं, नाही लागत. त्या म्हणाल्या, ‘तसा नको. पैसे घेजो.’ मी घेतले. न घेतले असते तर त्या पुढच्या वेळी दुसरीकडे गेल्या असत्या, मला माणसं कळतात.

त्यांनी आणलेला फोटो आमच्याच इथला होता. निळा शर्ट. मी फाइल शोधून काढली. ती छापायला लावली आणि मावशींना विचारलं, याचा हसतानाचा एखादा आहे का घरी? त्या बराच वेळ आठवत राहिल्या. म्हणाल्या, हसे तर तो लय. पन फोटो कोन काढते हसताना.

तेव्हापासून मी एक काम सुरू केलंय. खात्यातला कुणी ओळखपत्रासाठी, बढतीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आला की पासपोर्ट झाल्यावर त्याला उठू देत नाही. पांढरा पडदा वर गुंडाळतो, मागची खिडकी उघडतो, आणि काहीतरी बोलत राहतो. भरतीतल्या गमती, मेसचं जेवण, साहेबांची नक्कल. एखाद्याचं लग्न ठरलेलं असलं तर मग विचारूच नका. हसला की दाबतो. टोपी नाही, वर्दी नाही, कान दिसले नाही तरी चालतात. पाच बाय सातची एक प्रत पाकिटात घालून देतो, फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवतो, त्यातली एक नागपूरला बहिणीकडे. नाव, गाव, बक्कल नंबर, नीट तपासून.

पैसे घेत नाही म्हटल्यावर पोरं संशयाने बघतात. फुकट काहीच नसतं हे पोलिसाला जास्तच माहीत. कारण सांगता येत नाही, कसं सांगणार? म्हणून काउंटरवर कागद चिकटवून ठेवलाय: ‘पोलीस बांधवांसाठी खास ऑफर, पासपोर्टवर एक मोठा फोटो मोफत.’ गेल्या आठवड्यात पुराडा ठाण्याचा एक जण आला होता, चांगला हसला, पाकीट घेतलं, कागद वाचला आणि म्हणाला, ‘भाऊ, आमच्या पार्टीतले सगळेच येतो म्हणतात. ऑफर किती तारखेपर्यंत आहे?’

मी म्हटलं, या ना, रविवारी दुकान उघडं ठेवतो.