मालगुंडचं पाणी

सोमवार, मालगुंड

लॉजवर उतरायचं की ह्यांच्या आत्यांकडे, हा वाद आंबा घाट संपेपर्यंत चालला. ह्यांचं म्हणणं, गणपतीपुळ्यात खोली घेऊ आणि सकाळ-संध्याकाळ आत्याला भेटून येऊ. मे महिना, आंब्यांची गडबड, त्यात आपली भर कशाला? मला पटत होतं. पण साखरप्याला चहाला थांबलो तेवढ्यात आत्यांचा फोन. "कुठवर आलात? आमटीला फोडणी घालू ना?" खोलीचा विषय तिथंच मिटला.

सांगलीचं ऊन चटके देतं, पण सावलीत गेलं की सुटका होते. इथं सावलीतही घामाच्या धारा. पोचल्यावर पहिली आंघोळ. धाकट्या जावेनं न्हाणीचं दार उघडून दाखवलं. "वहिनी, मोठी बादली आंघोळीची, छोटी हातपाय धुवायला. कपडे उद्या, नळ आला की." बोलताना तिला कानकोंडं झालं होतं, ते मला जास्त लागलं. नळ एक दिवसाआड, परसातली विहीर तळाला गेलेली. आणि घरापासून चालत पाच-सात मिनिटांवर अख्खा अरबी समुद्र.

आम्ही नेलेल्या पिशव्या ओटीवरच उघडल्या. तासगावचे बेदाणे आणि हळद आत्यांनी हुंगून थेट डब्यात भरली. भडंग मात्र रात्रीपर्यंतही टिकलं नाही. जेवायला ओल्या काजूंची उसळ, कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी. ह्यांनी सोलकढी तीनदा मागून घेतली.

मंगळवार

पुळ्याचा गणपती. देव पश्चिमेकडे तोंड करून समुद्राकडे बघत बसलेला. डोंगरच देव मानला जात असल्यानं प्रदक्षिणा डोंगराला, चांगली किलोमीटरभर. सकाळी सातला निघालो तरी पाय भाजायला लागले होते.

सांगलीकराला या देवाची ओढ नुसती पर्यटनाची नाही. सांगलीचे संस्थानिक पटवर्धन, त्यांचे मूळपुरुष हरभट इथून जवळच्याच कोतवड्याचे, याच गणपतीचे भक्त. पुढे इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे ते उपाध्ये झाले, मुलांनी पेशव्यांच्या पदरी तलवार धरली, जहागिरी मिळाल्या. 1801 मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेतून वेगळे होऊन सांगलीला आले आणि कृष्णाकाठी गणपतीचं देऊळ उभं राहिलं. म्हणजे लहानपणापासून ज्याच्यासमोर परीक्षेआधी हात जोडले, त्याचं माहेर हे. रांगेत मागं उभ्या असलेल्या पुण्याच्या बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोदक कुठं चांगले मिळतात?"

किनाऱ्यावर जीवरक्षक सारखे शिट्ट्या फुंकत होते. इथलं पाणी दिसतं तेवढं सरळ नाही, पाटीही लावलीय, तरी माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून फोटो काढतात. आम्ही घोट्यापर्यंत गेलो. पूर पाहिलेल्या माणसाला एवढं पुरतं.

बुधवार

आज जयगड. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण खातं काही ह्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. तटावर उभं राहिलं की खाली शास्त्री नदीची खाडी आणि पुढं समुद्र. बाकीचे लोक वारा खात होते, ह्यांनी नद्या मोजायला घेतल्या.

खरं सांगायचं तर मी इतकी वर्षं कृष्णेकाठी राहून हा विचार केला नव्हता. कृष्णा महाबळेश्वरला उगवते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम 65 किलोमीटर. पण ही बया त्याच्याकडे पाठ करते आणि 1,400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच महाबळेश्वरातून निघालेली सावित्री मात्र शहाण्यासारखी पश्चिमेला उतरून बाणकोटला समुद्रात जाते.

"पण आपलंही थोडं पाणी इकडं येतं," हे म्हणाले. कोयनेचं. एरवी ते कऱ्हाडला प्रीतिसंगमात कृष्णेला मिळून आमच्या दारावरून गेलं असतं. पण धरणातलं वर्षाला 67.5 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडं सोडतात. वीज झाली की ते अवजल वाशिष्ठीत पडतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत.

भाऊजी, म्हणजे आत्यांचा मुलगा, आत्तापर्यंत गाडीच्या किल्ल्या फिरवत ऐकत होते. म्हणाले, "एवढं पाणी इकडं येतं, तर आमच्या नळाला का येत नाही?"

ह्यांनी वाशिष्ठीचं खोरं वेगळं, मालगुंड कितीतरी दक्षिणेला, मधे डोंगर, उपशाचा खर्च असं सगळं समजावलं. सगळं खरं. भाऊजी मान डोलावत राहिले. बायकोनं पहाटे विहिरीवरून आणलेल्या हंड्यांचा त्यात कुठं उल्लेख आला नाही, हे मी परतताना गाडीत बोलून दाखवलं. त्यावर दोघंही गप्प.

गुरुवार

आरे-वारेच्या रस्त्यानं रत्नागिरी. वर रस्ता, खाली किनारा, गाडी थांबवू तितकी थोडी. टिळकांचं जन्मघर, भगवतीचा किल्ला, सगळं धावतपळत. थिबा राजवाड्यात मात्र रेंगाळले. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथल्या राजाला इथं आणून ठेवलं. त्याच्यासाठी हा वाडा बांधून झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये तो गेला. पंचवीस वर्षं घराची वाट, आणि घर लाभलं सहा वर्षं. वाड्यातून खाडी दिसते. बघायला सुंदर आहे, पण रोज तेच बघायला लावलं तर कसं वाटेल कोण जाणे.

शुक्रवार

कुठंही गेलो नाही, आणि हाच दिवस मला सगळ्यात आवडला.

पुरुषमंडळी झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन बागेत. माजघरात पेंढ्यावर आढी घातलेली, तिचा वास स्वयंपाकघरापर्यंत. आत्या पडवीत बसून आंबे पारखत होत्या. देठाशी दाबून बघायचं, हुंगायचं, आणि आज-उद्या-परवा अशा तीन ढिगांत टाकायचं. मीही करून पाहिलं. माझा उद्याचा ढीग त्यांनी काही न बोलता परत चाळला.

पाण्याचं मीच काढलं. इथं वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, सांगलीत पाचशे-सहाशे. मग मेमध्ये ही दशा का? आत्यांनी पायाखालच्या चिऱ्याकडं बोट दाखवलं. "हा जांभा बघ, सगळा भोकांचा. पडलेलं धरून ठेवत नाही. आणि उतार असा की चार महिन्यांचं सगळं बघता बघता समुद्रात. तुमच्याकडे काय, दुसऱ्याच्या डोंगरावर पडतो आणि तुमच्या घरात येतो."

ते मात्र खरंच. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा सांगलीत म्हणावा असा पाऊसही नव्हता. आमचा अख्खा खालचा मजला पाण्यात, आम्ही वर.

"टीव्हीवर बघितलं तुमचं गाव," आत्या म्हणाल्या, "आणि देव पाण्यात घातले. मुलगा हसला मला. म्हणाला, तिकडचं पाणी उतरावं म्हणून तू इकडं देव बुडवतेस?" असं म्हणून त्या स्वतःच इतक्या हसल्या की हातातला आंबा घरंगळत अंगणात गेला.

लॉजचं बोलणं त्यांना कळलं होतं, बहुतेक ह्यांच्याच तोंडून. मला एकटीला गाठून म्हणाल्या, "अगो, बादल्या मोजून वापरू, पण माणसं दुसरीकडं उतरलेली मला चालणार नाही." मी म्हटलं, मोजायचं काम तुमच्या सुनेकडं आहे, तिला विचारलंत का? आत्यांनी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी मात्र सुनेच्या हातातली कळशी काढून घेऊन त्यांनी नातवाला विहिरीवर धाडलं. तो कुरकुरत गेला.

रविवार, सांगली

आंब्याच्या पेट्या, आमसुलं, फणसाची साटं, सगळं उतरवून झालं. मशीन लावलं. नळाला हवं तेवढं पाणी होतं, तरी पहिल्या धुण्याचं पाणी मी काढून ठेवलं आणि त्यानं अंगण धुतलं. हे किती दिवस टिकेल माहीत नाही.

मघाशी पोचल्याचा फोन केला. भाऊजी म्हणाले, लावणी आटपली की ऑगस्टमध्ये आईला घेऊन येतो. ह्यांनी घाईघाईनं सांगितलं, ऑगस्ट नको रे बाबा. आयर्विनला 40 फुटांवर इशारा, 45 ला धोका, तेव्हा आमचं निम्मं लक्ष त्या आकड्यांवर असतं. जानेवारीत या, हुरडा असेल, द्राक्षं असतील, गणपतीचं देऊळ निवांत बघू.

मागून आत्यांचा आवाज आला. त्यांना द्राक्षं नकोत, भरलेली कृष्णा बघायचीय. जन्मभर मेमध्ये कोरडी विहीर बघितली, म्हणाल्या, आता एकदा तेही बघते.

हे जरा वेळ नुसते बसले. मग वरच्या मजल्यावर जाऊन पुढची खोली रिकामी करायला घेतली.